चेंडू हातात, जोर पायाखाली

पावसाळ्यात शालेय हँडबॉलच्या स्पर्धा सुरू झाल्या, की मैदानाच्या कडेने एक आरोळी हमखास ऐकू येते, ‘अगं, हात मार जोरात!’ आठवड्यापूर्वी कोरड्या मैदानावर गोलकीपरला जागचं हलू न देणारी मुलगी रात्रभराच्या पावसानंतर तेवढ्याच अंतरावरून चेंडू मारते आणि समोरची गोलकीपर तो आरामात अडवते. चेंडू तोच आणि मुलगीही तीच. आठवड्याभरात तिच्या दंडातली ताकद काही आटलेली नसते. बुटाखालची जमीन तेवढी बदललेली असते.

जमिनीचा फेकीशी एवढा संबंध असेल, तर लगेच दुसरा प्रश्न उभा राहतो. हँडबॉलमधले बहुतेक शॉट उडी मारून, म्हणजे दोन्ही पाय हवेत असताना मारले जातात. तिथे जमीन कुठे असते? या दोन्ही प्रश्नांचं उत्तर एकच आहे. ते नीट कळलं, की सराव कुठे आणि कशावर करावा हेही कळतं.

खेळाची थोडी ओळख

हँडबॉलचं मैदान ४० मीटर लांब आणि २० मीटर रुंद असतं. गोलकीपर धरून दोन्ही बाजूंना सात-सात खेळाडू असतात. गोल ३ मीटर रुंद आणि २ मीटर उंच. गोलसमोर ६ मीटरवर एक वळणदार रेषा असते. तिच्या आत फक्त गोलकीपरला पाय टेकता येतो. मात्र रेषेबाहेरून उडी घेऊन, आत पडण्याआधी चेंडू सोडला तर गोल धरला जातो. चेंडू हातात घेऊन तीनच पावलं टाकता येतात आणि तो तीन सेकंदांपेक्षा जास्त धरून ठेवता येत नाही.

हा खेळ मुळात मोकळ्या मैदानावरचा. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकमध्ये तो गवतावर, अकरा-अकरा खेळाडूंचा होता. डेन्मार्क, स्वीडनसारख्या थंड देशांत तो छपराखाली गेला आणि १९७२ मध्ये म्युनिक ऑलिंपिकला परतला तो बंदिस्त सभागृहातला सात जणांचा खेळ होऊन. आपल्याकडेही मोठे सामने आता बंदिस्त सभागृहात होतात. २०२३ मध्ये जयपूरला झालेली पहिली प्रीमियर हँडबॉल लीग अशीच रंगली आणि ती ‘महाराष्ट्र आयर्नमेन’ संघाने जिंकली. पण जिल्ह्या-तालुक्यातली मुलं अजूनही माती-मुरुमाच्या मैदानावरच हा खेळ शिकतात. त्यामुळे पायाखालच्या जमिनीचा प्रश्न आपल्याकडे जरा जास्तच जवळचा आहे.

दशांश सेकंदाचा हिशेब

पुरुषांचा चेंडू ४२५ ते ४७५ ग्रॅमचा असतो. चांगल्या दर्जाचा खेळाडू तो ताशी ९० किलोमीटरने, म्हणजे सेकंदाला २५ मीटर वेगाने मारतो. साडेचारशे ग्रॅमच्या वस्तूला एवढा वेग द्यायला साधारण १४० ज्यूल ऊर्जा लागते. नुसता आकडा पाहिला तर ती फारशी वाटत नाही. पण फेकीचा निर्णायक भाग जेमतेम दशांश सेकंदाचा असतो असं धरलं, तर ही ऊर्जा १,४०० वॉटच्या दराने, म्हणजे जवळजवळ दोन अश्वशक्तीने द्यावी लागते. एकट्या दंडाच्या आणि खांद्याच्या स्नायूंना हे झेपत नाही. त्यांना बाहेरून भांडवल लागतं आणि ते पाय आणि धडातून येतं.

हे भांडवल किती, याचा अंदाज एका जुन्या जपानी अभ्यासातून मिळतो. १९७४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात लोकांना आधी मोकळेपणी चेंडू फेकायला सांगितलं. मग शरीराचे एकेक भाग जखडून, पाऊल टाकू न देता, धड वळू न देता पुन्हा फेकायला लावलं. वेगातला जवळजवळ निम्मा वाटा पाऊल टाकण्याचा आणि धड वळवण्याचा निघाला. उरलेला निम्मा हाताचा.

पायापासून बोटांपर्यंत

ही ऊर्जा वर चढते कशी? उजव्या हाताचा खेळाडू धावत येऊन, जमिनीवर उभा राहून शॉट मारतो आहे असं समजा. त्याचा डावा पाय पुढे रोवला जातो. आधी कंबर गोलच्या दिशेने वळते. त्या क्षणी छाती अजून बाजूला तोंड करून असते आणि चेंडू धरलेला हात तर डोक्यामागेच असतो. कंबर पुढे गेली आणि खांदा मागे राहिला, की पोटाचे तिरके स्नायू ताणले जातात. ताणलेला स्नायू आखडताना जास्त जोर लावतो. तो धडाला पुढे खेचतो. धड वळतं तेव्हा हात आणखी मागे पडतो, खांद्याचे स्नायू ताणले जातात आणि तेही आखडतात. मग दंड आतल्या बाजूला गर्रकन फिरतो, कोपर सरळ होतं आणि शेवटी मनगट आणि बोटं चेंडूला सोडतात.

यात दोन गोष्टी महत्त्वाच्या आहेत. पहिली म्हणजे क्रम. जड भाग आधी हलतात, हलके भाग नंतर, आणि पुढच्या भागाला वेग देताना मागचा भाग मंदावतो. दुसरी म्हणजे टेकू. जोंधळ्याच्या रानात माळ्यावर उभा राहून गोफण फिरवणारा राखणदार आठवा. दगड दूर जातो, कारण दोरी फिरवणारा माणूस जागेवर घट्ट असतो. माळ्याचे खांब ढिले असले तर राखणदाराच्या प्रत्येक हिसक्याबरोबर माळा उलट्या दिशेला झुलतो. दगडात जायचा जोर खांबांच्या हेलकाव्यात जिरतो आणि दगड पाखरांच्या अलीकडेच पडतो. हँडबॉलच्या फेकीत हात ही दोरी, धड हा राखणदार आणि पायाखालची जमीन हा माळा.

पुढचा पाय म्हणजे ब्रेक

लोकांना वाटतं, की पाय घसरला की चेंडूच्या उलट्या धक्क्याने खेळाडू मागे जातो म्हणून फेक कमी पडते. हिशेब मात्र वेगळं सांगतो. ७५ किलोचा खेळाडू अगदी गुळगुळीत बर्फावर उभा राहिला आणि त्याने कसाबसा २५ मीटर वेगाने चेंडू मारला, तरी तो स्वतः सेकंदाला फक्त १५ सेंटिमीटर मागे सरकेल. मुंगीच्या पावलांचा हा धक्का फेक बिघडवत नाही. खरी अडचण त्याआधीच झालेली असते. बर्फावर त्याला कंबर आणि धड वळवून तेवढा वेग तयारच करता येत नाही. खालचं अंग कशाला तरी रेटून धरल्याशिवाय वरचं अंग वळत नाही. पकड नसेल तर धड उजवीकडून डावीकडे वळताना पाय उलटे फिरतात.

धावत येऊन मारलेल्या शॉटमध्ये पुढच्या पायावर आणखी एक काम असतं. ६० किलोची खेळाडू पुढचा पाय रोवून ०.१५ सेकंदात आपला वेग सेकंदाला एक मीटरने कमी करते असं धरू. त्यासाठी जमिनीने तिच्या पायाला आडवा रेटा द्यायला हवा ४०० न्यूटनचा. ४० किलो वजन उचलायला जेवढा जोर लागतो, तेवढा. पाय जागच्या जागी थांबला, की धावण्याचा वेग वरच्या अंगाला मिळतो आणि धड पायावरून पुढे झेपावतं. ओल्या मातीवर बूट हा रेटा मिळण्याआधीच सरकतो. पाय आणि धड दोन्ही पुढे जात राहतात आणि धावून कमावलेला वेग हातापर्यंत पोचत नाही.

हवेत पाय कशाला टेकवायचे?

आता दुसरा प्रश्न. सामन्यात मारल्या जाणाऱ्या चार शॉटपैकी साधारण तीन जंप शॉट असतात. ऑस्ट्रियातल्या संशोधकांनी २०११ मध्ये वेगवेगळ्या फेकींचे वेग ताडून पाहिले. धावत येऊन जमिनीवरून मारलेल्या शॉटचा वेग १०० धरला, तर जागेवर उभं राहून मारलेल्याचा ९३, जंप शॉटचा ९२ आणि बचावफळीत पाठमोरं उभं राहून वळून मारणाऱ्या पिव्हटचा ८५ भरला. म्हणजे हवेत असूनही नुकसान आठ टक्क्यांच्या आसपासच होतं.

याचं कारण भौतिकशास्त्रातला एक नियम. हवेतल्या शरीराला बाहेरून काही धरायला नसेल, तर त्याचं एकूण फिरणं बदलता येत नाही. एक भाग एका दिशेला जोरात फिरवायचा असेल, तर दुसरा भाग उलट दिशेला फिरवावा लागतो. जंप शॉट संथ गतीने पाहा. डाव्या पायावर उडी घेताना उजवा गुडघा वर आणि बाहेर उचललेला असतो. हात पुढे येतो त्याच क्षणी तो पाय मागे झटकला जातो. जमिनीने द्यायचा टेकू इथे पाय देतात. जमीन मात्र या शॉटमध्येही असतेच, ती उडीच्या क्षणी. उंची, पुढे जाण्याचा वेग आणि शरीराला मिळालेलं फिरणं हे सगळं शेवटच्या पावलात कमवायचं आणि हवेत खर्च करायचं. ते पाऊल सरकलं तर खेळाडू हवेत वाकडा जातो आणि मग कितीही जोराने हात मारला तरी उपयोग होत नाही.

स्नायू राबतात, पण चेंडूसाठी नाही

जमीन सरकली नाही, नुसती हलली, तरी फरक पडतो. तोल सांभाळणं हे डोळे, कानाच्या आतला तोलाचा अवयव आणि घोटे, गुडघे, स्नायू यांच्याकडून मेंदूला मिळणाऱ्या खबरा यांचं सामायिक काम आहे. आपण हात उचलायचं ठरवतो तेव्हा हात हलण्याच्या किंचित आधीच पाय आणि पाठीचे स्नायू ताठ होतात. आता तोल कुठे जाणार, याचा अंदाज मेंदू आधीच बांधतो. जमीन ओळखीची असेल तर हा अंदाज बरोबर येतो. ती डुगडुगत असेल तर मेंदू सावध होतो आणि सांध्याच्या दोन्ही बाजूंचे स्नायू एकदमच आवळून धरतो. सांधा घट्ट होतो, पण तेवढाच मंदही होतो.

कॅनडातल्या अँडरसन आणि बेम या संशोधकांनी २००४ मध्ये याचं मोजमाप केलं. लोकांना आधी स्थिर बाकावर आणि मग हवा भरलेल्या मोठ्या चेंडूवर पाठ टेकून छातीच्या स्नायूंनी जोर लावायला सांगितला. डळमळत्या आधारावर प्रत्यक्ष लागणारा जोर जवळजवळ ६० टक्क्यांनी कमी भरला. गंमत म्हणजे स्नायूंतल्या विजेच्या संदेशांत विशेष फरक नव्हता. म्हणजे स्नायू तितकेच राबत होते, पण त्यांची मेहनत वजन ढकलण्याऐवजी तोल सावरण्यात जात होती. मैदानावर ‘सगळा जोर लावला तरी चेंडू जाईना’ असं खेळाडू म्हणतो, तेव्हा तो बहुतेक वेळा खरंच बोलत असतो.

एक अंश चुकला तर

वेग थोडा कमी झाला तर असं काय मोठं बिघडतं? ९ मीटरवरून सेकंदाला २५ मीटर वेगाने निघालेला चेंडू ०.३६ सेकंदात गोलवर पोचतो. चेंडू दिसून शरीर हलायला लागेपर्यंत गोलकीपरचे ०.२ सेकंद जातात. म्हणजे हालचालीसाठी त्याच्याकडे उरतात ०.१६ सेकंद. फेकीचा वेग १० टक्क्यांनी घटला, तर चेंडूला ०.४० सेकंद लागतात आणि गोलकीपरकडे उरतात ०.२० सेकंद. फेक एक दशांशाने मंदावली, पण गोलकीपरचा उपयोगाचा वेळ एक चतुर्थांशाने वाढला.

नेमाचं गणित याहून कडक आहे. सुटताना चेंडूची दिशा एका अंशाने चुकली, तर ९ मीटरवर तो जवळजवळ १६ सेंटिमीटर बाजूला जातो. गोलचा खांब ८ सेंटिमीटर जाडीचा असतो. म्हणजे एका अंशाच्या चुकीने खांबाच्या आतून जाणारा चेंडू खांबावर आदळू शकतो. हात एवढ्या वेगात फिरत असताना बोटांतून चेंडू सुटण्याची वेळ थोडी जरी हुकली तरी दिशा बदलते, आणि खांदा कुठे आहे हे धडावर, धड कुठे आहे हे पायांवर अवलंबून असतं.

मग हळू मारलं तर नेम सुधारेल का? अनुभवी खेळाडूंच्या बाबतीत तसं होत नाही. नॉर्वेतल्या एका अभ्यासात त्यांना वेगाऐवजी नेमाकडे लक्ष द्यायला सांगितलं, तेव्हा वेग कमी झाला, पण नेम सुधारला नाही. वर्षानुवर्षं घोटलेली हालचाल तिच्या सवयीच्या वेगातच नीट जमते.

मग डळमळत्या फळीवर सराव कशाला?

इथवर वाचून वाटेल, की अस्थिर जमीन हा फेकीचा शत्रूच. तरीही हँडबॉलचे प्रशिक्षक खेळाडूंना डुगडुगत्या फळीवर, फोमच्या गादीवर किंवा टांगलेल्या दोऱ्यांत हातपाय अडकवून व्यायाम करायला लावतात. हे वेड नाही. नॉर्वेत शाळकरी वयाच्या २४ महिला खेळाडूंवर झालेल्या, २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात एका गटाने नेहमीच्या सरावासोबत आठवड्यातून दोनदा, सहा आठवडे असे टांगत्या दोऱ्यांतले कंबर-पोटाचे व्यायाम केले. त्यांच्या फेकीचा वेग सरासरी ४.९ टक्क्यांनी वाढला. नेहमीचाच सराव करणाऱ्या गटाचा वेग होता तिथेच राहिला.

यात विसंगती नाही. त्या मुली दोऱ्यांवर लोंबकळत चेंडू मारत नव्हत्या. अस्थिर आधारावर त्यांनी धड घट्ट धरायला शिकून घेतलं आणि ती कमाई स्थिर जमिनीवर वापरली. कंबर आणि पोट ढिलं राहिलं तर पायांतून आलेला जोर मधेच गळतो. ते घट्ट झालं की गळती थांबते.

दुसरा फायदा दुखापतींचा. नॉर्वेतच १५ ते १७ वर्षांच्या १,८३७ खेळाडूंवर झालेला एक मोठा अभ्यास २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात निम्म्या क्लबांनी सरावाआधी धावणं, उडीनंतर नीट उतरणं, डुगडुगत्या फळीवर आणि गादीवर उभं राहून चेंडूची देवाणघेवाण असे व्यायाम करून घेतले. गुडघे आणि घोट्यांच्या अचानक होणाऱ्या दुखापती त्या गटात जवळजवळ निम्म्यावर आल्या.

खांद्यासाठीही हेच महत्त्वाचं. टेनिसच्या सर्व्हिसबद्दल मांडलेला एक हिशेब सांगतो, की कंबर-धडाकडून येणारी ऊर्जा २० टक्क्यांनी घटली, तर चेंडूचा वेग टिकवायला खांद्याला ३४ टक्के जास्त वेगाने फिरावं लागेल. हँडबॉलची फेक हुबेहूब तशी नसली, तरी दिशा तीच आहे. पाय कमी पडले की त्याची भरपाई खांदा करतो, आणि वर्षभराने डॉक्टरकडे तोच जातो.

पकड हवी, पण किती?

जमीन जितकी चिकट तितकी चांगली, असंही नाही. नॉर्वेतल्या सामन्यांची नोंद तपासली, तेव्हा लाकडी जमिनीपेक्षा जास्त पकड असलेल्या कृत्रिम जमिनीवर महिला खेळाडूंच्या गुडघ्यातला अस्थिबंध तुटण्याचं प्रमाण जास्त दिसलं. पाय जमिनीला चिकटून राहिला आणि शरीर वळलं, तर वळायचं काम गुडघ्यावर येतं आणि गुडघा त्यासाठी बनलेला नाही. रोवलेला पाय टिकावा, पण वळताना सुटावा, एवढीच पकड हवी.

दुसऱ्या टोकाला वाळू. वाळूवर धावायला कठीण जमिनीपेक्षा साधारण १.६ पट ऊर्जा लागते, कारण प्रत्येक पावलाचा काही जोर वाळू सरकवण्यातच जातो. म्हणून बीच हँडबॉलने नियमच वेगळे केले. मैदान २७ बाय १२ मीटरचं, बाजूला चार-चार खेळाडू आणि चेंडू हलका. हवेत गिरकी घेऊन किंवा हवेतच झेलून केलेल्या गोलला दोन गुण मिळतात. वाळूवर बळाची फेक जमत नाही हे मान्य करून त्या खेळाने कसबाला भाव दिला.

आपल्या मैदानावर काय करता येईल?

यासाठी महागडी साधनं लागत नाहीत. ६ ते ९ मीटरच्या पट्ट्यात बहुतेक शॉट मारले जातात. तेवढ्या पट्ट्यावरचे सुटे खडे वेचून, पाणी मारून, रोलर फिरवून तो घट्ट ठेवला तरी मोठा फरक पडतो. पूर्ण जोराच्या फेकींचा सराव तिथेच आणि पाय ताजे असताना घ्यावा.

तोलाचा सराव वेगळा ठेवावा. एका पायावर उभं राहून जोडीदाराशी पास, मग तेच घडी घातलेल्या गादीवर, मग जोडीदाराने हलकेच खांद्याला धक्का देत असताना. इथे वेग मोजायचा नाही. गुडघा आत कोसळत नाही ना आणि कंबर वाकडी होत नाही ना, एवढंच पाहायचं. सात मीटरच्या पेनल्टीत चेंडू सुटेपर्यंत एक पाऊल जमिनीला टेकलेलंच ठेवावं लागतं. त्यामुळे एका पायावर स्थिर राहून धड वळवायची ही सवय तिथे थेट कामी येते.

मातीच्या मैदानाचा एक फायदाही आहे. फेकीनंतर पुढच्या पायाचा ठसा पाहा. ठसा स्वच्छ असेल आणि बोटांपाशी किंचित खोल असेल, तर पायाने आपलं काम केलं. ठशामागे ओरखडा असेल, तर वेग तिथेच सांडला. अशा वेळी खेळाडूला हात जोरात मारायला सांगण्याऐवजी शेवटचं पाऊल थोडं आखूड टाकायला सांगावं. पाऊल आखूड झालं की वजन पायाच्या वर येतं, आडवा रेटा कमी लागतो आणि ओल्या मातीवरही बूट धरून राहतो.

चौकट : थोडक्यात

• फेकीच्या वेगातला जवळजवळ निम्मा वाटा पाऊल टाकण्याचा आणि धड वळवण्याचा असतो. हात तो वेग शेवटी चेंडूला देतो.

• पुढचा पाय जमिनीत थांबला, तर धावण्याचा वेग वर चढतो. तो सरकला, तर वेग वाया जातो.

• जंप शॉटमध्ये जमिनीचं काम उडीच्या पावलातच उरकतं. हवेत धडाला टेकू पायांच्या उलट्या झटक्यातून मिळतो.

• अस्थिर आधारावर स्नायू तितकेच राबतात, पण बाहेर लागणारा जोर घटतो. म्हणून जोराची फेक घट्ट जमिनीवर आणि तोलाचे व्यायाम अस्थिर आधारावर करावेत.

• पकड फार कमी असली तर फेक बिघडते, फार जास्त असली तर गुडघा धोक्यात येतो.